भुवईवरचा व्रण

सय्यद मुनीर सय्यद दस्तगीर, उस्ताद, आपल्याला जाऊन बरीच वर्षे झाली, आणि आज मी लातूरहून नांदेडला येऊन आपल्या बंद स्टुडिओत बसलो आहे. पुढच्या आठवड्यात जागा रिकामी होणार आहे. "काका, धूळ लई हाय आत, रुमाल बांधा तोंडाला," असे म्हणत आपल्या कन्येने किल्ल्या दिल्या.

डार्करूममधला लाल दिवा केव्हाच गेला, तरी आत पाऊल टाकताच डोळे त्या तांबड्या अंधाराला सरावतात. ट्रेमधल्या पाण्यातून एक चेहरा वर येतो आहे. आधी भुवया, मग डोळे, शेवटी ओठ. आपण चिमट्याने तो हलकेच हलवता आहात आणि नुकताच पदवी घेऊन आलेला मी श्वास रोखून उभा आहे. लोहा गावच्या एका बाईंनी मृत आईचा एकुलता एक फोटो मोठा करायला दिला होता. हनुवटीवरचे तीन ठिपके मी डाग समजून पेन्सिलीने झाकले. बाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. "ब्येस हाय," त्या म्हणाल्या, "पर ही माझी माय न्हाई."

आपण माझ्यावर रागावण्याआधी त्यांना खुर्ची दिलीत. "बसा आक्का. मायचं गोंदण कुठं होतं, दावा." त्यांनी स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवले. त्या बोटाकडे पाहत आपण ब्रशने तीन ठिपके उमटवलेत आणि बाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्या गेल्यावर मला म्हणालात, "बी. ए. साहेब, चेहरा गिऱ्हाइकाचा असतो. पुसायच्या आधी इचारायला तोंड दुखतं का?"

पुढे लातूरला स्वतःचा स्टुडिओ काढला, तेव्हापासून प्रत्येकाला विचारत आलो. केस काळे करू का, असे विचारल्यावर चाकूरचे एक आजोबा म्हणाले होते, "राहू दे की, फुकट पांढरे झाले का?" विचारले नाही ते फक्त एका व्यक्तीला.

माझ्या पत्नीच्या भुवईवर व्रण होता. देवणीला, माहेरी, लहानपणी गोऱ्ह्याचे शिंग लागले होते. तिचा प्रत्येक फोटो संगणकावर घेऊन मी तो व्रण पुसून टाकी आणि मूळ फोटोवरच जतन करी. हे प्रेमाने करतो, असेच मानत आलो. ती मागून डोकावून म्हणे, "कुणाची बायको हो ही? लई चिकणी दिसायलीय." मी ती दाद समजे.

यंदा ती गेली. भिंतीवर लावण्यासाठी फोटो निवडताना मुलीने विचारले, "बाबा, आईचा व्रण कुठंय?" सगळे फोटो उघडले, कुठेच नव्हता. मोबाइलमध्ये तर यंत्रानेच कपाळ गुळगुळीत करून ठेवले होते. शेवटी मी तो एका फोटोत स्वतःच्या हाताने, आठवून, रेखाटला. मुलीने पाहिले, नुसती मान डोलावली आणि चहा ठेवायला आत गेली.

आमचा लग्नानंतरचा जोडीचा फोटो आपण काढला होता, त्याची प्रत घरी उरली नव्हती, म्हणून येथे आलो. सकाळपासून निगेटिव्हमधली काळ्या दातांची, पांढऱ्या केसांची माणसे खिडकीच्या उजेडात एकेक करून माझ्याकडे पाहून गेली. दुपार कलल्यावर आमचे पाकीट सापडले. त्यावर आपल्या अक्षरात लिहिले आहे: "व्रण ठेवणे. बाईंनी सांगितले." मी कोट चढवायला आत गेलो होतो, तेवढ्यात आपण तिला विचारले असावे.

निगेटिव्ह उजेडात धरली. उजव्या भुवईवर व्रण दिसला, आणि तो मला अगदी बरोबर वाटला. मग लक्षात आले की चकचकीत बाजू पाहणाऱ्याकडे असावी लागते, आणि माझ्याकडे निस्तेज बाजू होती. मी ती उलटी धरली होती. व्रण डावीकडे होता. घरी मी रेखाटलेला उजवीकडे आहे. मुलीला ते तेव्हाच दिसले असणार; मान डोलावली ती माझ्यासाठी.

उस्ताद, हे कोणालाही सांगितलेले नाही, आणि हे पत्रही कोठे पाठवायचे नाही. दाराला कुलूप लावले, ओढून पाहिले, आणि किल्ल्या आपल्या कन्येच्या हाती परत दिल्या.