दादाला मूठमाती

४ मार्च
नोकरी लागली! दवाखान्यांच्या नोंदी सांभाळायच्या. मुख्य संगणक असा नाहीच. साठ दवाखान्यांचे साठ संगणक थोडं थोडं जपतात आणि एकमेकांना विचारून उत्तर देतात. जास्त जण म्हणतील ते खरं. साहेबांनी हे अशा कौतुकानं सांगितलं, जणू पोरगं पहिल्यांदा चाललंय. मला नि दादाला ऑफिससमोरच दोन खोल्या मिळाल्या, त्याचं डायलिसिसही याच गल्लीत. नोंद कायमची पुसण्याला इथे 'मूठमाती' म्हणतात. मला हसू आलं.

९ मार्च
दादाची नोंद दोनदा झालेली दिसली. साहेब म्हणाले, जादाच्या नोंदीला मूठमाती दे. दिली.

११ मार्च
डायलिसिसच्या नर्सनं दादाला दारातूनच परत पाठवलं. म्हणे, हा पेशंट वारलाय. आणि दादा तिच्यासमोर चपला काढत उभा! तावातावानं ऑफिसात गेले. संगणकांनी दोन्ही नोंदी एकच धरून दोन्ही पुसल्या होत्या आणि दादाच्या नावापुढे 'मृत' लिहून मोकळे झाले होते. मी त्या साठांतल्या आमच्याकडच्या संगणकावर दुरुस्ती केली. चहा घेऊन येईपर्यंत बाकीच्यांनी ती 'सुधारून' टाकली. साहेब म्हणाले, एकोणसाठ एकीकडे आणि तू एकटी, मग चूक कुणाची? माझ्या डोक्यात तिडीक गेली.

१३ मार्च
डॉक्टरांना अक्षरशः ओढत घरी आणलं. त्यांनी दादाची नाडी बघितली, मग मोबाइल बघितला, आणि म्हणाले, फार वाईट झालं. अरे मेल्या, त्याचा हात तुझ्या हातात आहे ना! दादाचे पाय सुजलेत. सगळ्यांच्या अकला गहाण पडल्यात.

१४ मार्च
घरमालकीण सांत्वनाला आली. दादाच्या देखत विचारते, त्याची खोली रिकामी करणार का. हाकलली. मग ताईचा फोन, रडत होती, कधी गेला म्हणून विचारत होती. फोन आपटला. दादाला धाप लागलीय—

१५ मार्च
त्याला म्हटलं, तू तरी सांग रे त्यांना. तर म्हणतो, सगळेच म्हणतायत तर असेल. लाज नाही वाटत! गदागदा हलवला. डोळे उघडे. हात गरम आहे, गरम—

१६
शववाहिनीवाले जिन्यात आहेत. दाराला कपाट लावलंय. कुणी काही म्हणो, मी शुद्धीवर लिहितेय, माझा दादा जिवंत होता—
नाही! खोडलं. आहे. आहे!
हात ऐकत नाहीये. पुन्हा लिहिते. दादा जिवंत हो—