हिरव्या भाताचं नवं

सूर्यमाळ,
शुक्रवार, ८ ऑक्टोबर २००४

श्री. देवजी यांस,

नमस्कार. सप्रेम लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसता नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. हर्षदाच्या आईचा, भागीचा, गुडघा दुखतो, पण कामाला अडत नाही. तुमच्या घरी सुनेची वाट पाहणं चालू आहे, असं तुमचा निरोप आणणाऱ्या सुकऱ्याकडून कळलं.

बुधवारी सकाळी मी खळं चोपत होतो. भात अजून हिरवं आहे, पण पाऊस उघडला की खळं धरून ठेवावं, पुढे घाई होत नाही. तेवढ्यात तुमचा सुकऱ्या आला. मी त्याला पाणी दिलं. भागीनं चहा केला. तो चहा फुंकत राहिला आणि बोलायचं ते शेवटी बोलला.

"देवजीनं सांगितलाय, पोर अजून आमचीच हाय. तिनं बापाच्या घरचं नवं भात खाल्लेलं नाय. रविवारी पाच माणसं घेऊन येतो. सून न्यायला."

"आणखी काय सांगितलंय?"

"मंगेश मास्तर बी येतील. नवी साडी आणतील. झालं गेलं विसरा, म्हनलं."

मी त्याला उत्तर दिलं नाही. तो गेल्यावर पुन्हा चोपणं घेतलं आणि अंधार पडेपर्यंत खळं चोपत राहिलो. ते उत्तर आज सुकऱ्याच्याच हाती देतो आहे. तुम्हाला वाचता येतं. मुलाकडून, मंगेशकडून, वाचून घेऊ नका.

झालं गेलं विसरा म्हणता, म्हणून आधी ते नीट आठवतो. अडीच वर्षांपूर्वी होळीला मी पोरीला भेटायला तुमच्याकडे आलो होतो. मंगेशला शाळेवर मास्तरकी मिळून महिना झाला होता. तुम्ही सगळ्या माणसांसमोर मला ओट्याच्या कडेला बसवलंत आणि म्हणालात, "तुळशीदास, मास्तराला चुलीपुढची बायको काय करायची? घेऊन जा तुमची पोर. तिला दुसऱ्याच्या पोरांचे शेंबूड पुसायला ठेवा, तेवढंच जमेल तिला." माणसं हसली. मीही हसलो, कारण तुमच्या अंगणात दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही. हर्षदा दाराआड उभी होती. ती हसली नाही. स्वतःचं गाठोडं तिनं आधीच बांधून ठेवलं होतं.

परतीच्या वाटेवर ती एकदाच बोलली. "बा, शेंबूड पुसायचं पण शिकावं लागतं."

त्या पावसाळ्याच्या तोंडावर मी तिला घेऊन जव्हारला गेलो. माझ्या मनात एक वर्षाचं बालवाडीचं प्रशिक्षण होतं. तुमच्या पाड्यात बालवाडी निघणार, असं कानावर होतं. ती तिथे बाई म्हणून लागावी, रोज सकाळी तुमच्या दारासमोरून छत्री धरून जावी, आणि तुमच्या घरच्या नातवंडांनी तिला हात जोडावेत, एवढंच मला हवं होतं. तिथे उज्ज्वलाबाई म्हणून एक शिकवणाऱ्या भेटल्या. त्यांनी दुसरा रस्ता दाखवला. बालशिक्षणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो पुरा केला की ती दोन वर्षं धरून नाशिकला पदवीच्या थेट तिसऱ्या वर्षात घेतात.

"पण आत्ताच ठरवा," बाई म्हणाल्या. "पुढे जायचं असेल तर मानसशास्त्र आणि इंग्रजी पहिल्या वर्षापासून घ्यावं लागतं. मागाहून घेऊ म्हणाल, तर विद्यापीठ ती वर्षं धरत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून."

मी म्हटलं, एक वर्षाचंच बरं. हर्षदानं बाईंसमोर मला अडवलं. "बा, देवजीच्या दारासमोर खुर्ची टाकून बसायला मला शिकायचं नाही. तुला बसायचं असेल तर तू बस."

बाई हसायला लागल्या. मला हसू आलं नाही. पण पोरीनं दोन वर्षांचंच धरलं, पहिल्या दिवसापासून इंग्रजी धरलं, आणि मी होकार दिला. पेरणीआधी कुठल्या खाचरात काय लावायचं ते माणूस ठरवतो, तशी तिनं ती दोन वर्षं आखली. काय पहिल्या वर्षी, काय दुसऱ्या, कुठल्या सुट्टीत कुठल्या पाड्यावर पोरं जमवायची. ती चिंचोके आणि काजूच्या बियांवर पोरांना आकडे शिकवायची. इथली पोरं घरी आमची बोली बोलतात आणि शाळेत गेली की मुकी होतात. ती त्यांना आधी त्यांच्याच बोलीत गाणी म्हणायला लावायची, मग मराठीत. आमच्या पाड्यातली म्हातारी रंगू एकदा म्हणाली, "माझा नातू आता घरात पण गप बसत नाय, ही काय विद्या?"

आता माझी आखणी सांगतो. तीही त्याच दोन वर्षांची होती.

आपल्या दोन्ही कुळांचा रिवाज एकच आहे. सासरहून परत पाठवलेली मुलगी बापाच्या देवांपुढचं नवं भात जेवली, की ती त्या देवांची झाली. सासरशी तिचा संबंध उरत नाही, आणि नवऱ्यालाही दुसरीकडे सोयरीक करता येते. ती जेवेपर्यंत दोघंही अडकलेली. त्या वर्षी दसऱ्यानंतर आपल्या धान्याच्या देवीला, कणसरी मायला, नवं दाखवलं, पाड्यातली सगळी जेवायला बसली, आणि मी हर्षदाच्या ताटात रेशनचा तांदूळ वाढला. भागीनं माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही. गेल्या वर्षी पुन्हा तसंच केलं.

तुम्हाला वाटलं, मी तुमच्यासाठी दार उघडं ठेवलंय. म्हातारा गयावया करतोय, पोर परत घ्यावी म्हणून वाट पाहतोय. सुकऱ्यानं सांगितलं, तुम्ही चारचौघांत असं बोललात म्हणून. देवजी, ते कुलूप होतं, आणि किल्ली माझ्याकडे होती.

मंगेशसाठी तुम्ही खोडाळ्याकडची मुलगी पाहिलीत. मग वाड्याकडची. मग ती नर्स. तिघींच्या घरची माणसं आधी माझ्याकडे आली. रिवाजच तो. त्यांनी विचारलं, "पोर नवं जेवली का?" मी खरं तेच सांगितलं, "नाही." त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. तुम्ही भगताकडे गेलात, बकरा दिलात, घराच्या उंबऱ्यात काहीतरी पुरलंय म्हणून उंबरा उकरलात. उंबऱ्यात काही नव्हतं. ते माझ्या घरात होतं, एका ताटात. तुमचा उंबरा उकरल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला आणि मला फार बरं वाटलं. देवापुढे बसून तसं वाटावं का, याचा मी पुष्कळ विचार केला. तरीही बरंच वाटलं.

आता ती नाशिकला शिकते आहे हे तुम्हाला कळलं, आणि मास्तराला शोभणारी बायको तीच, असं तुम्हाला वाटू लागलं. पाड्यांवरच्या पोरांचे खेळ लिहून न्यायला ती आठ दिवस घरी आली, हेही कुणीतरी सांगितलं. आणि माझंच हत्यार तुम्ही माझ्यावर उगारलंत. नवं जेवली नाही, म्हणजे आमची. पाच माणसं आणाल तर पाचही तेच म्हणतील. मीच दोन वर्षं ते सगळ्यांना सांगत आलो.

बुधवारी जेवताना मी हर्षदाला म्हटलं, "तू उद्याच्या गाडीनं निघून जा. रविवारचं मी बघतो."

ती म्हणाली, "आणि मग? शिकून मला इथंच यायचंय. नवऱ्याच्या घरून पळाली म्हणतील. तसल्या बाईकडं कोण पोर पाठवील?"

मी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

"बा, दोन वर्षं तू मला रेशनचा तांदूळ का वाढलास, ते मला कळत नव्हतं असं वाटलं तुला? तू मंगेशचं लगीन अडवलंस. माझं काय सुटलं होतं?"

तिला मी काय उत्तर दिलं, ते तुम्हाला सांगणार नाही. ते तुमच्या कामाचं नाही.

नवं दसऱ्यानंतर करायचं असतं. आत्ता पितरांचा पंधरवडा चालू आहे आणि शेतात भात अर्धं हिरवं उभं आहे. दसऱ्यापर्यंत थांबलो तर रविवार आधी येतो. आणि ती जेवली की मंगेशही मोकळा, हे मला बुधवारी रात्रभर बोचत राहिलं. तुमच्या उंबऱ्याला पुन्हा तोरण लागेल, मांडव पडेल, तुम्ही पुन्हा ओट्याच्या मधोमध बसाल. आजन्म तुम्हाला असंच ठेवायचं मी ठरवलं होतं. त्यासाठी माझी पोरही तशीच अडकून राहिली तरी चालेल, असं मी मनाला पटवलं होतं.

काल पहाटे वरच्या खाचराच्या कोपऱ्यातलं, जिथे ऊन जास्त लागतं तिथलं भात कापलं. कापताना कणसरी मायला म्हटलं, माय, तुझ्या कणसाचं पोट अजून भरलेलं नाही, मला ठाऊक आहे. दोष लागायचा तो मला लाव, पोरीला लावू नको. भागीनं ते भाजलं आणि कांडलं. हिरवा दाणा, सगळी कणीच निघाली. आख्खा तांदूळ मूठभरही नव्हता.

तुमची पाच माणसं रविवारी जरूर आणा. रंगू आणि पाड्यातली सहा जाणती माणसं इथे बसलेली असतील. त्यांनी जे पाहिलं ते ती सांगतील. मास्तरांची साडी परत न्या, दुसऱ्या कुणाला होईल. तुम्हाला ओट्याच्या कडेला बसवणार नाही. आत बसवीन, जेवायला घालीन, आणि तुम्ही हात धुऊन उठेपर्यंत एक शब्दही बोलणार नाही. तुमच्या वाट्याचं तेवढं वैर मी राखून ठेवलं आहे. ते सोडायला मला कुणी सांगितलेलं नाही.

हर्षदा दहाच्या गाडीनं नाशिकला गेली. त्याआधी, आज सकाळी, देवापुढे कणीचा भात ठेवला, पाड्यातल्या माणसांना बोलावलं, आणि माझ्या हातानं तिला नवं वाढलं. ती जेवली.

यापुढे तुमचा कुणी नसलेला,
तुळशीदास