सभा शांततेत पार पडली

सोनटेकडी, ता. चांदवड
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मल्हारी,

सप्रेम नमस्कार. अक्षर पाहून दचकू नकोस, मीच आहे. डाव्या हाताने लिहितोय. उजव्या हाताची तीन बोटं कपाटाच्या दारात सापडली, म्हणून ही कोंबडीच्या पायांची रांगोळी. छत्तीस वर्षं पोरांना टपोरं अक्षर काढायला लावलं, आता स्वतःची वेलांटी सावरत नाही.

तुला सात वेळा फोन केला. तू उचलत नाहीस, आणि उचलला असतास तर मी काय बोललो असतो, देव जाणे. म्हणून पत्र. फाडलंस तरी माझं सांगून झालेलं असेल.

तू दवाखान्यात अडकलास, म्हणून तुझ्या उन्हाळ कांद्याला माणूस लावून दोन पाळ्या पाणी भरून घेतलं. पीक चांगलं आहे, काळजी करू नकोस. शाळेच्या मैदानातला बदाम लालभडक झालाय. त्याच्याखाली आपण डबा खायचो. मी मराठीचा, तू गणिताचा. पोरं म्हणायची, खंडेराव काय नि मल्हारी काय, एकाच देवाची दोन नावं. एक छडीवाला, एक बिनछडीचा. मला तेव्हा हसू यायचं.

लखन कसा आहे? तुझ्या लेकीने, हर्षालीने, आमच्या सूनबाईला, उज्वलाला सांगितलं की तो शुद्धीवर आला, पण शब्द जुळत नाहीत. पाणी हवं असलं की नुसतं बोट दाखवतो.

सव्वीस जानेवारीला तू पेठला लेकीकडे होतास. ग्रामसभेत काय झालं ते तुला तीन जणांनी तीन तऱ्हांनी सांगितलं असेल. रविराजने तर तुला स्वतः फोन केला, लखन पंचायतीच्या ओट्यावरून पडला, पायरीची कड लागली म्हणून. सरपंच सांगतोय म्हटल्यावर लोक मान डोलावतात. मीही हवालदाराला... थांब. क्रमाने सांगतो.

झेंडावंदनानंतर सभा भरली. वर्षभरातल्या कामांचा आढावा, आणि पुढल्या वर्षी कुठलं काम आधी घ्यायचं ते ठरवायचं. आढावा मी लिहिलेला, मीच वाचायचा, हे आता ठरूनच गेलंय. ग्रामसेवकाकडे तीन गावं. तो म्हणतो, मास्तर, तुमच्या हाताला सरस्वती आहे. मी चढतो. गटार झालं तरी मी त्यावर दोन ओळी छान लिहितो.

टेकडीवरच्या तुमच्या वस्तीच्या नळयोजनेबद्दल मी लिहिलं होतं, ‘वस्तीच्या दारोदारी अखेर जलधारा अवतरल्या.’ मल्हारी, मी वर चढून पाहिलं नव्हतं. गुडघे दुखतात. खालून निळे नळ ओळीने उभे दिसले, बाया हंडे घेऊन येतायत असं मनात आलं, आणि मी लिहून टाकलं. रविराजला विचारलं होतं, “पाणी आलंय ना रे?” तो म्हणाला, “आलंच म्हणून समजा, आण्णा.”

माझं वाचून होतंय तोच लखन उठला. हातात एक नळ होता, खाली हातभर लोखंडी पाइप. वस्तीवरचा, उपटून आणलेला. माझ्यासमोर टेबलावर तो त्याने ठेवला.

“मास्तर, लय भारी कविता झाली. आता ह्याच्यातून धार काढून दाखवा.”

लोक हसले. तुझं पोर, आपला विद्यार्थी, मलाही क्षणभर हसू आलं.

रविराज म्हणाला, “सरकारी नळ उपटला, गुन्हा हाये हा. कळतंय का?”

“नळ उपटला तर गुन्हा. अन् पाणी नाय आलं तर?”

“खाली बस, लखन.”

“बसतो की. त्या वहीत लिवा आधी, पाणी आलं नाय. सगळ्यांसमोर लिवा.”

आणि त्याने वही स्वतःकडे ओढली. मल्हारी, इथे मला सांगायलाच हवं. इतिवृत्त सभेनंतर लिहायचं असतं. आपल्या पंचायतीत ते आदल्या दिवशी लिहिलं जातं. माझा हात धिमा झालाय, सभेत पळापळ होते, म्हणून ही सोय. लोक आले की कोऱ्या जागेवर सह्या करतात. लखनचीही सही होती, हजेरीची म्हणून केलेली. त्याने पान उलटलं आणि मोठ्याने वाचलं, “पाणीपुरवठ्याच्या कामाबद्दल सभेने समाधान व्यक्त केले. अनुमोदक, लखन मल्हारी...” पुढे वाचलं, “सभा खेळीमेळीच्या वातावरणात शांततेत पार पडली.”

अनुमोदक म्हणून त्याचं नाव घालायला रविराजने सांगितलं होतं. “नाव लागलं की तोंड बंद, आण्णा.” मी घातलं. टपोऱ्या अक्षरात घातलं.

लखनने माझ्याकडे पाहिलं. “मास्तर, तुम्ही?” एवढंच म्हणाला.

पुढचं सगळं एका दमात झालं. कुणीतरी त्याची कॉलर धरली, शर्ट टर्रकन फाटला. वस्तीवरचे चार जण ओट्यावर चढले, खालून खुर्च्या आल्या. माइकचा दांडा एकाच्या तोंडावर बसला, दात माझ्या चष्म्यावर येऊन आदळला. बाया ओरडत पळाल्या. झेंड्याच्या खांबाखाली सकाळी काढलेली रांगोळी पायांनी पुसली गेली, तिच्यात रक्ताचे ठिपके पडले. आणि रविराजने टेबलावरचा तो नळ उचलला.

पहिला घाव कानामागे बसला. ओल्या मडक्यासारखा आवाज झाला. लखन गुडघ्यावर आला, हाताने टेबल चाचपडत होता, माझं धोतर त्याच्या मुठीत आलं. दुसरा घाव त्याच जागी. तिसऱ्याला त्याची मूठ सुटली.

पायरी त्याच्यापासून दहा हात लांब होती, मल्हारी. तो पडला नाही. माझ्या पोराने त्याला मारलं. मी हातभर अंतरावर होतो, आणि मी वही छातीशी धरून उभा राहिलो. पान खराब होऊ नये म्हणून.

हवालदाराला मी सांगितलं, मी वहीत बघत होतो, मला काही दिसलं नाही.

पण दिसण्यापेक्षा जे ऐकू आलं ते मला झोपू देत नाही. प्रत्येक घावाला रविराज ओरडत होता, “म्हण पुढं! म्हण पुढं!”

आठवतंय तुला? पाचवीचा वर्ग. दोघं एका बाकावर. नदीची कविता होती. लखन ती अशी म्हणायचा की खिडकीबाहेर पाणी वाहतंय असं वाटावं. रविराज तिसऱ्या कडव्याला अडायचा. मास्तरचा मुलगा अडतो, याची मला लाज वाटायची. त्या दिवशी मी छडी मोडेस्तोवर त्याला मारलं. वळ फुटून रक्त आलं तरी मी म्हणत होतो, “म्हण पुढं!” त्याची चड्डी ओली झाली आणि मी लखनला उभं करून तेच कडवं म्हणायला लावलं. शेजारच्या वर्गातून तू धावत आलास, माझा हात पिरगाळून मोडकी छडी हिसकावलीस. “खंडू, मरेल ना पोरगं!” तू महिनाभर माझ्याशी बोलला नव्हतास. आणि मी मात्र निवृत्तीच्या भाषणात सांगितलं, माझ्या वर्गात कवितेला कधी कंटाळा नव्हता.

याने त्याचा गुन्हा कमी होत नाही. तो चाळिशीचा आहे. पण ते शब्द त्याला कुणी शिकवले ते मला माहीत आहे.

आता बोटांचं. कपाटात सापडली असं वर लिहिलं, तेही खोटंच. पोलिसांनी वही मागितली आहे. रविराज निवांत आहे. वहीत शांतता आहे, एकशे बारा सह्या आहेत, लखनची स्वतःची आहे, आणि अक्षर मास्तरांचं. काल मी म्हणालो, वही मी नेऊन देतो आणि ती आदल्या दिवशी लिहिली होती हेही सांगतो. कपाटातून वही काढायला हात घातला, तर त्याने लोखंडी दार लोटलं. एकदा नाही. दाराला खांदा लावून उभा राहिला. “लिहा आता. म्हणा पुढं, आण्णा.” रडत होता रे तो.

उज्वलाने बोटांना पट्टी बांधली. आज सकाळी तो वकिलाकडे नाशिकला गेला, तशी तिने कपाट उघडून वही माझ्या पिशवीत ठेवली, वर भाकरी ठेवली. म्हणाली, “उद्याची पहिली एसटी सहाला हाये. मी येते संगं.” त्याच्या घरात राहायचंय तिला, तरी.

उद्या चांदवडला जाऊन जबाब बदलतो. वाटेत काही झालं, वही पोहोचली नाही, तर हे पत्र पोलिसांना दे. लखनने अनुमोदन दिलं नाही. वस्तीला पाणी आलं नाही. सभा शांततेत पार पडली नाही. लखनला सरपंच रविराज खंडेराव याने नळाने तीन वेळा मारलं, मी पाहिलं.

माफी मागत नाही. लखनला बोलता येईल तेव्हा त्याच्याकडे मागेन, आणि नाही आलं बोलता, तर त्याच्यासमोर बसून राहीन.

एक अडचण आहे. डाव्या हाताची सही माझ्या कुठल्याच सहीशी जुळत नाही, ती कोण मानणार? जन्मभर गावाला अंगठ्यावरून सहीवर आणलं. उज्वलाने शाईची उशी आणून दिली आहे.

तुझा खंडू,
रविराजचा बाप
निशाणी डाव्या हाताचा अंगठा