गाळलेली पानं

मांगेरे, ऑकलंड
मंगळवार, १२ ऑगस्ट

प्रिय लोसालिनेताई,

धाकट्या फिलिमोनेचा वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक. सिऊ बरी आहे. चर्चमध्ये गाताना अजून तिचाच आवाज बाकीच्यांच्या वर जातो आणि घरी माझ्या आवाजाच्या वर. थंडी कडक आहे. पोरं काँक्रीटचं काम सांभाळतात, म्हणजे मी नसतो तेव्हा नीट सांभाळतात आणि मी तिथे जाऊन उभा राहिलो की चुकतात.

अक्षरं बोटाएवढी काढतोय, नाहीतर मलाच दिसत नाहीत. फळ्यांवर खुणा करायचा जाड मार्कर आहे हा. तेव्हा कागद बरेच लागतील, मजकूर थोडा. फोन का केला नाही, असं विचारशील. ते पुढे सांगतो. बघू.

मी बरा आहे. दिवसाआड डायलिसिसच्या मशीनवर, मधल्या दिवशी मशीनच्या थकव्यावर. पाणी मापून, नारळाचं दूध बंद. रविवारी सगळे अळूच्या पानात शिजवलेलं मटण खातात आणि मी वास खातो. हे तुला ठाऊक आहे. नवीन एवढंच की पाय स्वस्थ राहत नाहीत. खुर्चीत अडकलेलो असतो, हातात सुया असतात आणि पाय मात्र चालायला निघालेले. डोकंही तसंच. पुस्तक सुरू करतो, सोडतो, दुसरं मागतो.

लायब्ररीतल्या बाईने मागे एक ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून काढून दिलं होतं. त्यात एक आजारी बाई डोंगर चढते आणि वर पोचून आजाराचे आभार मानते. मी म्हटलं, “बाई, हा आजार माझ्याकडून बरंच काही घेऊन गेलाय, आभार तेवढे माझ्याकडे राहू देत.” ती बिचारी हसली आणि एक विटेएवढं जाड पुस्तक दिलं. एका हातात धरवेना. बरं पुस्तक कुठलं ते आजारी पडल्यावर कळलं मला, ताई. एका हातात मावलं पाहिजे, आणि आतल्या कोणी मला धीर देता कामा नये. त्यांची त्यांना कटकट असावी, माझ्याहून वेगळी. मोठ्या अक्षरांची तसली पुस्तकं मी हुडकून हुडकून वाचली. मग साखरेने डोळ्यांवरही हात फिरवला आणि मोठी अक्षरंही पोहायला लागली.

तेव्हा तू पुस्तकं वाचून, आवाज भरून फोनवर पाठवायला लागलीस. तुला मी कधी नीट सांगितलं नाही, पण त्या आवाजावर मी हे वर्ष काढलंय. तुझ्या मागे कोंबडा आरवतो, शेजारच्या बायका झाडाची साल कुटून कापड करतात ते ठकठक ऐकू येतं, मध्येच तू कोणाला तरी डुक्कर हाकलायला सांगतेस. मशीनचे चार तास आपल्या गावी, नुकुअलोफात जाऊन येतो मी.

उठलो होतो. अंगणात फिरून आलो. सिऊ म्हणते, “एका जागी बसा, फरशी झिजेल.” मीच ओतलीय ती फरशी, झिजायची नाही.

तर, पुस्तकं. एक गोष्ट मला पहिल्यापासून कळत होती, बोललो नाही. तू पानं गाळतेस. माझे डोळे गेले तरी कान आहेत. एक पान उलटलं की एक आवाज होतो, जोडीने उलटली की दुसरा. आणि त्याच्या आधी तू खोकतेस. गोष्टीतली दोघं दार लावून घेतात, तू खोकतेस, की लगेच सकाळ आणि चहा! मशीनवर माझ्या शेजारच्या खुर्चीत हेमी असतो, जुना ट्रकवाला माओरी. त्याला मी तीच पुस्तकं लायब्ररीतून आणायला लावली आणि गाळलेला भाग वाचायला लावला. तो मुद्दाम मोठ्याने वाचतो. नर्स म्हणाली, “हेमीकाका, इकडे सगळ्यांचं ब्लडप्रेशर वाढतंय.”

हेमी मला म्हणाला, “पिकली केसं तुझी. बहिणीने एवढंसं वाचलं तर काय बिघडतं?”

मी त्याला समजावलं. आमच्यात मोठे झालेले भाऊ-बहीण एका छपराखाली झोपत नाहीत. सिनेमात कोणी कोणाच्या जवळ आलं की भाऊ उठून बाहेर जातो. प्रेमाचं बोलायचं नाही, अंगाचं, शरीराचं तर मुळीच नाही. बहिणीचा मान वरचा. ती सांगते, भाऊ ऐकतो.

“ऐकतो?” हेमी म्हणाला. “तू? कोणाचं?”

“तिचं,” मी म्हटलं.

हे लक्षात ठेव, ताई, पुढे लागेल.

आता चालू पुस्तक. गलबतावरचा कप्तान, त्याची बायको, बेटांवरचा व्यापार. चांगलं पुस्तक आहे. पण गेल्या काही भागांत कोंबडा नाही. ठकठक नाही. आणि मध्येच तू अर्ध्या वाक्यात थांबतेस, वर घरघर होते, ती विरली की उरलेलं वाक्य पुरं करतेस. ताई, इकडची माणसं असं बोलतात. विमानांच्या वाटेखाली राहणारी. पाहुणा आला की पहिले काही दिवस तो विमानाच्या वर ओरडून बोलतो. मग थकतो आणि आमच्यासारखा थांबायला शिकतो. तू थांबायला शिकली आहेस. आणि मागे इथे जवळच राहणाऱ्या आपल्या फुसीच्या भिंतीवरचं घड्याळ भजनाची ओळ वाजवतं. ते मीच टांगलंय.

सिऊला विचारलं, “फुसीकडे कोण आलंय?”

“येतात पाहुणे. मोठं घर आहे तिचं.”

“कुठले पाहुणे?”

“तुम्ही तुमचं पाणी मोजा हो.”

नर्सला विचारलं तर ती म्हणाली, “मला काही विचारू नका, फिलिमोनेकाका. तपासणी ज्याची त्याची असते, सांगायचं नसतं.” मी तपासणीचं नावही काढलं नव्हतं.

म्हणून फोन केला नाही. फोनवर तू मला नुकुअलोफाची हवा सांगितली असतीस, आणि मला ते ऐकवलं नसतं.

शब्द लिहितोच आता. किडनी. सिऊची चालली नाही, पोराला माझीच साखर लागली, तेव्हा ते दार बंद, असं मी धरून चाललो होतो. डॉक्टरांना तुझं नाव मी सांगितलंच नाही. तुझ्या ताटातलं उचलून खाल्लं नाही मी लहानपणीसुद्धा, आणि हे उचलू? तुझ्यासमोर मी डोकं वर करून बसत नाही. तुझ्या अंगातलं काढून माझ्या अंगात घालायचं, हे मी कुठल्या तोंडाने मागणार? आणि तुला काही झालं तर तुझ्या नातवंडांना काय सांगणार? रविवारी मी बसून मनात पत्र जुळवलं होतं: परत जा, ताई, राग मानू नको. ते पत्र दोन ओळींचं होतं. हे ते नाही.

कारण काल मशीनवर तुझा नवा भाग ऐकत होतो. तू खोकलीस. पानं जोडीने उलटली, चांगली पाच-सहा. मी चकित झालो, कारण त्या भागात कप्तान गलबतावर आणि बायको गावात, प्रेमाला जागाच नव्हती. हेमीला म्हटलं, बघ रे काय आहे. त्याने वाचलं. या वेळी मोठ्याने नाही. कप्तानाच्या बायकोला शस्त्रक्रियेला नेतात. टेबल, दिवे, सुऱ्या, सगळं बारकाईने.

हेमीने पुस्तक मांडीवर ठेवलं. “ती इथे आलीय ना?”

“हो.”

“आणि घाबरलीय.”

“हो. म्हणून मी नको म्हणणार आहे.”

“तुला विचारलंय तिने?”

“नाही.”

“मग नको कोणाला म्हणतोस, बाबा? तुमच्यात ती सांगते आणि तू ऐकतोस ना? की ते फक्त सिनेमापुरतं?” मग म्हणाला, “माझ्या भावाने ख्रिसमसला कार्डसुद्धा पाठवलं नाही. तुझी बहीण समुद्र ओलांडून आलीय आणि तू मानाचं बोलतोस.”

माझे पाय तेव्हा पहिल्यांदा थांबले. नंतर पुन्हा सुरू झाले, पण थांबले होते खरे.

तू ती पानं रीत म्हणून गाळलीस की भीतीने, ते मला माहीत नाही. भीतीने तू पुढचंही नीट पाहिलं नसशील, म्हणून सांगतो. ती बाई जगते, ताई. हेमीने दोनदा वाचून दाखवलं. डोळे उघडते, नर्सला पहिला प्रश्न विचारते की गलबत आलं का, आणि मग भूक लागली म्हणून पेज मागते, तीही बेचव आहे म्हणून भांडते.

डॉक्टरांनी तुझ्या जिवाला धोका आहे म्हटलं तर मात्र मी ऐकणार नाही, तुझं काय, कोणाचंच. एवढं एक मला दे. बाकी तू सांगशील ते.

गुरुवारी मी घरी आहे. हे पत्र सिऊ फुसीकडे आणून देईल. तिला रागावू नको, तिने तोंड उघडलेलं नाही. तू ये. मी ओट्यावर खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसेन, तू आत खिडकीपाशी बस. मध्ये भिंत राहील. पुस्तक घेऊन ये आणि तीच पानं वाच, एकही न गाळता. विमान आलं तर थांबू. ते गेलं की पुढे वाच.

तुझ्या शब्दाबाहेर आजवर न गेलेला, आणि याही वेळी न जाणारा,
तुझा धाकटा भाऊ,
फिलिमोने