गेटसमोर गाडी लावू नये

कोपरखैरणे,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

तू, वहिनी आणि यशू मजेत असाल. यशूची दहावी तोंडावर आलीय, तिला सांग की आत्याला टक्के नकोत, तिने वेळेवर जेवावं एवढंच हवंय. मी बरी आहे. कंपनीत डिस्पॅचचं काम वाढलंय, नवे साहेब आलेत, ते माणूस म्हणून ठीक आहेत. घराच्या मागच्या भिंतीची ओल आप्पांच्या वेळी होती तेवढीच आहे.

पत्र बघून तुला हसू येईल. आजकाल कोण लिहितं? पण फोनवर तू "बोल पटकन, मीटिंग आहे" म्हणतोस आणि मला रागात बोलायला लागलं की रडू येतं. मग तू म्हणतोस, "रडू नकोस, मी बघतो." ह्या वेळी तू काही बघायला नकोयस. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर अंगठा पाठवून मोकळा होशील. म्हणून हे स्पीड पोस्टाने.

सोमवारी संध्याकाळी तुझा फोन आला होता. "काहीतरी भांडण झालं म्हणे. शेजाऱ्यांशी जमवून घ्यावं गं, थोडं अ‍ॅडजस्ट कर." मी "बरं" म्हटलं आणि ठेवला. कुणाकडून कळलं ते मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस.

आता काय झालं ते माझ्याकडून ऐक.

शेजारच्या रावसाहेबांनी दिवाळीनंतर घराचा तळमजला केकच्या दुकानाला भाड्याने दिला. वर दोन मजले आधीच चढवलेत, त्यात भाडेकरू. जिथे त्यांची स्वतःची गाडी उभी राहायची तिथे आता काचेचं कपाट आणि रंगीत दिवे. मग ती पांढरी, ट्रकएवढी गाडी कुठे जाणार? आली माझ्या गेटसमोर. अगदी गेटमधल्या उताराला नाक लावून.

पहिल्यांदा मी चांगल्या शब्दांत सांगितलं. सकाळी कामावर निघायच्या वेळी हाक मारली, तर त्यांची बायको वरून म्हणाली, "पाचच मिनिटं हं, आंघोळीला गेलेत." ती पाच मिनिटं कसली असतात तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या वेळी रावसाहेब स्वतः खाली आले, बनियनवर, तोंडात ब्रश.

"आवं ताई, तुमच्याकडं गाडी कुठाय? स्कूटर तर काय, कुठनंबी निघती."

कुठनंबी निघती! मी त्यांना स्कूटरजवळ नेलं. म्हटलं, बघा. मागे दोन्ही बाजूंना जास्तीची चाकं आहेत. ही रिक्षाच्या जवळपास रुंद आहे. तुमची गाडी आणि खांब यांच्यातून हिचं हँडलसुद्धा जात नाही. आणि ही बाहेर रस्त्यावर ठेवून चालणार नाही, कारण गटाराच्या तुटक्या झाकणांवरून कुबड्या घेऊन चालत जायचं आणि मग चढायचं हे मला जमत नाही. मी आतच बसते आणि उतारावरून सरळ रस्त्यावर येते. आप्पांनी हा उतार त्यासाठीच केलाय.

एवढं सगळं एका परक्या माणसाला समजावून सांगायचं म्हणजे काय असतं, दादा, ते तुला कळणार नाही. आपले पाय कसे आहेत ह्याची माहिती रोज सकाळी उठून द्यायची. त्यांनी मान हलवली, तोंड धुवायला गेले, गाडी काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

मी पाटी लावली, "गेटसमोर गाडी लावू नये". ती गटारात सापडली. कुंड्या मांडल्या. त्या कुणीतरी उचलून माझ्याच पायरीवर ठेवल्या, ओळीने, छान. म्हणजे मला दारातून बाहेर पडायलाही त्या आधी हटवाव्या लागल्या. कितीदा तरी रिक्षा करून तुर्भ्याला कामावर गेले. रिक्षावाले कुबड्या बघून लांबूनच मान हलवतात, त्यातला एखादा थांबतो. नव्या साहेबांनी एकदा विचारलं, "मॅडम, घरी काही प्रॉब्लेम आहे का?" मी म्हटलं, पार्किंगचा आहे. ते हसले. पार्किंगचा प्रॉब्लेम सगळ्यांना असतो.

मग सोमवार उजाडला. माल बाहेर पाठवायचा दिवस, उशीर चालणार नव्हता. गाडी गेटला चिकटून. मी स्कूटरवर बसून हॉर्न वाजवत राहिले. समोरच्या घरांतले लोक गॅलरीत आले. रावसाहेब सावकाश खाली उतरले आणि गाडीला टेकून उभे राहिले. चावी हातात होती, बरं का. चावी बोटाभोवती फिरवत मला म्हणाले, "ताई, थोड्या दिवसांचा प्रश्न हाय. कशाला डोक्याला ताप करून घेताय?"

मला अर्थ लागला नाही. थोड्या दिवसांचा म्हणजे काय? मी मरणार आहे का? मी विचारलं तसं. ते नुसते हसले.

मी स्कूटरवरून उतरले, गेटपर्यंत गेले आणि कुबडी उचलून त्यांच्या गाडीच्या बाजूच्या आरशावर मारली. पहिला फटका रागात बसला. दुसरा विचार करून मारला. आरसा वायरीला लोंबकळायला लागला.

त्यांनी पोलिसांना बोलावलं. आम्ही दोघं चौकीत गेलो. मी माझ्या स्कूटरवर गेले, कारण तेव्हा मात्र गाडी लगेच काढली त्यांनी.

इथपर्यंत तुला माहीत असणार. पुढचंही तुला माहीत आहे. फक्त मला ते माहीत आहे, हे तुला माहीत नाही.

चौकीत एक बाई अधिकारी होत्या. त्यांनी माझं ऐकून घेतलं, मग त्यांचं. रावसाहेब म्हणाले, "मॅडम, ह्यांच्यावर माझा राग नाय. पन घराचा विषय मिटलाय. ह्यांच्या भावाशी माझं बोलणं झालंय. पाडव्याला व्यवहार करायचाय. तवर गाडी लावा म्हणून त्यांनीच सांगितलंय." मी म्हटलं, खोटं बोलतायत. अगदी ओरडून म्हटलं. माझा दादा असं करणार नाही.

तेव्हा रावसाहेबांनी तुला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"हां रावसाहेब, बोला," तू म्हणालास. किती ओळखीचा आवाज! मला वाटलं, आता तू त्यांना झाडणार. "आरसा फोडला? अहो, मनाला लावून घेऊ नका. तिला त्यातलं काही समजत नाही. आरसा मी भरून देतो. तुम्ही गाडी लावत जा बिनधास्त, मी सांगितलंय ना तुम्हाला. पाडव्यापर्यंत तिला इकडे घेऊन येतो. सहीचं टेन्शन घेऊ नका, मी सांगेन तिथे करते ती."

मी टेबलाच्या अलीकडे बसले होते, दादा. फोन माझ्यासमोर होता.

मी काहीच बोलले नाही. मला स्वतःचं सगळ्यात जास्त नवल ह्याचंच वाटतं. सगळ्या जगावर ओरडणारी मी, तिथे गप्प बसले. त्या बाईंनी फोन बंद करायला लावला आणि माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. मग त्यांनी रावसाहेबांना विचारलं, "ह्यांची सही झालीय?"

"नाय, पन..."

"आज ह्या त्या घरात राहतायत ना?"

"हो."

"मग गेट ह्यांचं आहे. गाडी दुसरीकडे लावा. आणि ताई, आरसा तुम्ही भरून द्या, पुन्हा हात उचलू नका."

आरसा मी भरून देतेय. तू देऊ नकोस. मी फोडलाय, तो माझा आहे.

त्याच संध्याकाळी तू मला फोन करून "अ‍ॅडजस्ट कर" म्हणालास. "काहीतरी भांडण झालं म्हणे" म्हणालास! म्हणे! तुझा आवाज अगदी तसाच होता, सकाळी स्पीकरवर होता तसा, काळजीचा. तो एक "म्हणे" मला चौकीपेक्षा जास्त झोंबला. आणि फोन ठेवून बाहेर बघितलं तर गाडी गेटसमोर. एका आरशाची. मालकाचा शब्द मिळालाय, मग पोलीस काय करणार?

मंगळवारी मी रजा टाकली आणि दिवसभर पायरीवर बसून राहिले. गाडी दुपारी कुठेतरी गेली होती. चारच्या सुमाराला जाईबाई मच्छीची पाटी घेऊन आली. तुला आठवत असेल, गावठाणातली, आप्पा तिच्याकडून बोंबील घ्यायचे. ती पुढच्या कोपऱ्यावर बसते, पण तिथेही आता गाड्या लागतात, तिला रोज उठवतात. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गो बाय, अशी कनाला बसलीस? तब्येत बरी हाय ना?"

मी सगळं सांगितलं. तुझा भाग सोडून.

तिने गेटसमोरची मोकळी जागा बघितली, पाटी खाली टेकवली. "मी बसतंय हितं. बघू कशी लावतंय गारी."

तेव्हापासून ती रोज चारला येते आणि दिवे लागल्यावरही बरीच बसते. रावसाहेब घरी येतात तेव्हा जागा भरलेली असते. एकदा त्यांनी हॉर्न वाजवून बघितला. जाईबाईने मान वर केली नाही, सुरमईचे तुकडे करत राहिली. मी कामावरून आले की ती पाटी बाजूला ओढते, मी आत जाते, ती पाटी परत जागेवर. गल्लीतल्या बायका आता तिच्याकडे रांग लावतात, आणि ती रांग बरोबर केकच्या दुकानासमोर जाते.

शुक्रवारी रावसाहेब गेटशी आले. ह्या वेळी अंगात शर्ट होता.

"ताई, हिला उठवा. दुकानात गिऱ्हाईक नाक दाबून येतंय. केक घ्यायला आलेली मानसं बोंबील घेऊन जायला लागलीत."

"दुकान तुमच्या दारात आहे. मच्छी माझ्या दारात आहे."

"मी गाडी नाय लावत, मग तर झालं?"

"नकाच लावू."

"मी तुमच्या भावाला, अंकुशरावांना सांगतो."

"सांगा. नंबर आहेच तुमच्याकडे."

आता गाडी मैदानाकडे लावतात आणि चालत येतात.

मी जिंकले असं तुला सांगायला हे लिहीत नाहीये. परवा भाकरी थापताना मला एकदम जाणवलं की रावसाहेबांवर माझा राग उरलेलाच नाही. तो परका माणूस. त्याला घर हवंय, त्याने मागितलं. ते देऊन टाकणारा कोण होता?

तुला पैशांची गरज असेल. वाकडच्या फ्लॅटचे हप्ते आहेत, यशूचं शिक्षण आहे. मग मला विचारायचं. "मिता, घर विकूया का?" एवढं वाक्य. कदाचित मी भांडले असते, कदाचित नसते. पण तू मला विचारण्याऐवजी त्याला गेट दिलंस, म्हणजे मी रोज अडकेन, रोज थकेन आणि एक दिवस आपणहून म्हणेन की दादा, मला घेऊन जा. खरं सांग, हाच हिशोब होता ना? नसेल तर तसं लिही. मला ते वाचायचंय.

तुझ्या फ्लॅटच्या गृहप्रवेशाला मी आले होते. सगळ्यांनी माझी फार काळजी घेतली. सोफ्यावर बसवलं, ताट हातात आणून दिलं, पाणी दिलं, कुबड्या उचलून आतल्या खोलीत ठेवल्या, कुणाच्या पायात येऊ नयेत म्हणून. बाथरूमला जायचं तर वहिनीला शोधायला कुणालातरी पाठवायला लागायचं. रात्री तू म्हणालास, "बघ, किती आराम आहे तुला इथे." मी हसले होते. तो आराम मला उरलेलं आयुष्य द्यायला निघालायस तू.

आणि हाच दादा, ज्याने मला स्कूटर शिकवली. आई घाबरून आत जाऊन बसली होती, आप्पा गेट धरून उभे होते, आणि तू माझ्या मागून धावत होतास, "सोडू का? सोडू का?" ओरडत. मी म्हणाले, सोड. तू सोडलंस. मी कोपऱ्यापर्यंत गेले आणि वळून आले, तेव्हा तू रस्त्यात नाचत होतास. "तिला त्यातलं काही समजत नाही" असं म्हणणारा माणूस तोच आहे का, हे मी आठवडाभर स्वतःला विचारतेय आणि जेवण जात नाहीये.

अर्धं घर तुझं आहे. ते मी कधी नाकारणार नाही. वर मजला बांध, भाड्याने दे, भाडं तू घे, मी त्यात एक शब्द बोलणार नाही. विकायचंच असेल तर समोर बसून बोल. सही माझी आहे आणि ती कुणी सांगेल तिथे होत नाही. रावसाहेबांना मी हे गल्लीत, चारचौघांत सांगितलंय. तूही त्यांना फोन कर आणि सांग. स्पीकरवर ठेवायला सांगितलंस तरी चालेल.

तुझ्यावर इतकी रागावलेय की "काळजी घे" लिहिताना पेन थांबलं. तरी लिहिते. काळजी घे. वहिनीला जयभीम. यशूला ह्यातलं काही सांगू नकोस, तिची परीक्षा आहे.

आणि ये. फोन नको, पत्रही नको, तू ये. पण गाडी लांब लाव आणि चालत ये. माझ्या गेटसमोर कुणाचीच गाडी लागत नाही.

तुझी धाकटी बहीण आणि ह्या घराची अर्धी मालकीण,
संघमित्रा शिवराम गमरे