दांडा मधोमध असेल तरच

बाबा,

चावी फिरवूनही बोट गप्प राहिली, तर इंजिनाला शिव्या घालू नका. तुम्हाला न विचारता मी गिअरच्या दांड्यापाशी एक स्विच बसवलाय. दांडा मधोमध, न्यूट्रलवर असेल तरच स्टार्टरला करंट मिळतो. दांडा पुढे आणि मागे ठेवून मी तपासलं. इंजिन सुरू होत नाही.

"एवढी वर्षं काय झोपून चालवली?" असं तुम्ही म्हणणारच. पण त्या दिवशी तुम्ही गिअरमध्येच चावी फिरवलीत, बोटीने उडी घेतली आणि धक्क्यावर दोरी सोडणाऱ्या आईचा हात दोरीत आवळला गेला. तिचं लक्ष नव्हतं, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. तीही हो म्हणाली. तेव्हापासून दोरी सोडायला मी उभी राहते, आणि प्रयोगशाळेतली नोकरी लांबणीवर टाकत राहते.

आज मी त्या प्रयोगशाळेतल्या लोकांना भेटायला चाललेय. दोरी आई सोडेल. स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून तो निकामी करणं तुमच्या डाव्या हाताचा खेळ आहे, हे मला ठाऊक आहे. परत आल्यावर त्या जोडलेल्या दिसल्या, तर मी पुन्हा दोरीवर उभी राहीन आणि कुठेच जाणार नाही. तुम्हाला तेच हवं असेल, तर वायरींना हात न लावता तसं तोंडाने सांगा.

तुमची शास्त्रज्ञबाई