बाहेरची कड

३ डिसेंबर, मंगळवार

आले एकदाची सिंदेवाहीला! कोरपन्याच्या सिमेंटच्या धुळीत वाढलेल्या मला इथली हवा चक्क गोड लागली. खोली इंदुताईंकडे मिळाली. त्या अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, घरात एकट्याच. पोचल्या पोचल्या त्यांनी भात आणि वांग्याची भाजी वाढली, मी दोनदा मागून घेतली. काम मनासारखं आहे. जंगलातल्या चौदा किलोमीटर रस्त्याची सुरक्षा तपासणी. वळणं मोजायची, गाड्यांचा वेग मोजायचा, अहवाल द्यायचा. कंपनीने एक गाडी दिली आहे आणि वेग मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र. गाडीवर रोखलं की आकडा दिसतो. मी ते अंगणातल्या कोंबडीवर रोखून पाहिलं. ताशी चार किलोमीटर! इंदुताई पोट धरून हसल्या.

४ डिसेंबर, बुधवार

मदतीला वारलू आहे. याच रस्त्यावर मजुरी करता करता त्याचे केस पिकले. नवव्या किलोमीटरला एक मोठं वळण आहे, आणि त्याच्या आतल्या अंगाला छातीएवढा दगडांचा ढीग. पलीकडून येणारं काही दिसत नाही. वारलूने सांगितलं, इथे माणसं मेली आहेत, म्हणून येणारा-जाणारा थांबतो, एक दगड ठेवतो आणि मग पुढे जातो. सकाळभरात माझ्यासमोर अकरा जण थांबले, त्यात एक ट्रकवालासुद्धा. मी नियमाप्रमाणे लिहिलं, दृष्टीस अडथळा, ढीग तातडीने हटवावा. "नोका हटवू मॅडम," वारलू म्हणाला. मी त्याला हसत हसत नियम समजावला. तो टेप गुंडाळत बसला.

६ डिसेंबर, शुक्रवार

ठेकेदाराने दुपारीच जेसीबी लावला. ढीग गेला, दगड कडेच्या भरावात दाबले. माझ्या शब्दावर इतक्या झटपट काम झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी इंदुताईंनी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या. शेजारी मुलाचा फोटो होता. राजदीप, चोवीस वर्षांचा. गेल्या वर्षी रस्त्यावर नवं डांबर पडलं आणि महिन्याभरात तो त्याच वळणावर अपघातात गेला. त्या ढिगात दर रविवारी एक दगड इंदुताईंचा असायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

त्यांनी एक कागद पुढे केला. आमच्याच कंपनीचा जुना अहवाल. अपघाताचे कारण, चालकाचा अतिवेग. गावात तेव्हापासून त्याला पिऊन गाडी पळवणारा म्हणतात. "माहा राजदीप जोरानं चालवेच नाई. बापाची जुनी मोपेड होती, अडतीसच्या वर गेली का थरथरे. पोरगा गेला, आता त्याचं नाव काऊन खराब करता? मले काईच नाई पायजे बाई, तेवढा एक शब्द खोडून टाक." मी खोडते म्हणाले. वचनच दिलं.

९ डिसेंबर, सोमवार

ढीग होता तेव्हा त्या वळणावर गाड्यांचा वेग सरासरी चौतीस. आज त्रेसष्ट. अडथळा म्हणून मी जो हटवला तो ब्रेक होता! लोकांनी एकेक दगड आणून रचलेला ब्रेक, आणि मी दीडशहाणीने तो दोन दिवसांत उखडून टाकला.

दुसरं त्याहून वाईट. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच हवी, म्हणजे गाडी आत झुकते, बाहेर फेकली जात नाही. मी आणि वारलूने पाणसळ लावून उतार मोजला. बाहेरची कड चार बोटं खाली आहे. नवं डांबर टाकताना उतार उलटा दिला. इथे अडतीसवर जाणारी मोपेडसुद्धा ओल्या रस्त्यावरून बाहेरच जाणार. हरामखोरांनी रस्ता उलटा बांधला आणि मेलेल्या पोराला दोषी धरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

आणखी एक. दुपारी रस्ता रिकामा असताना यंत्राने आकडा दाखवला. ३८. बॅटरी बदलली. पुन्हा ३८.

११ डिसेंबर, बुधवार

नागपूरला साहेबांना फोन केला. ते म्हणाले, उलटा उतार लिहिला तर ठेकेदार अडकेल आणि जुना अहवाल देणारे आपणही अडकू. अतिवेग लिहा, एक फलक सुचवा, मोकळ्या व्हा. नाहीतर दुसरं काम शोधा. मी ओरडले. त्यांनी शांतपणे फोन ठेवला. त्या शांतपणाचाच जास्त संताप आला.

रिकाम्या वळणावर आज पाच वेळा ३८. झाडीकडे रोखलं, आकडा नाही. आभाळाकडे रोखलं, नाही. फक्त वळणावर. वारलूने आकडा वाचला आणि टेप खाली ठेवून निघून गेला.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सही केली.

अतिवेग लिहिलं आणि सही केली. नोकरी जाईल म्हणून भ्याले. एवढंच कारण आहे, दुसरं शोधायला नको. नऊ तारखेला ज्यांना शिव्या दिल्या त्यांच्याच पंगतीत बसले. इंदुताईंना स्वतःच सांगितलं. त्यांनी मला जेवण वाढलं, पण रोजच्यासारख्या शेजारी बसल्या नाहीत.

१४ डिसेंबर

यंत्र पेटीत बंद होतं. सकाळी पेटीतूनच आवाज आला. उघडलं. त्याचं तोंड माझ्याकडे होतं. ४५.

मी खाटेवर बसले होते. बसले होते!

१५ डिसेंबर

वारलूच्या घरी गेले. तो दारातच म्हणाला, "दगड परत ठेवा मॅडम. पहिला तुमचा." जुने दगड तर भरावात —

बॅटरी काढून टाकली आहे. तरी ५७. स्वयंपाकघरात ५७. इंदुताईंवर रोखलं, शून्य. परत माझ्याकडे —

ज्याने रस्ता बांधला त्याच्याकडे जा की! साहेबाकडे जा! मीच का —

सही माझी आहे. माहीत आहे मला.

१६ डिसेंबर, सकाळी नऊ

खरा अहवाल पाठवला. उलटा उतार, चार बोटं, सगळं. राजदीपचं नाव घालून, अतिवेग नव्हता असं लिहिलं. प्रत इंदुताईंच्या हातात दिली. त्यांनी मला अंगणातला एक दगड दिला. वळणावर आले आहे. गाडी कडेला उभी. दगड शेजारच्या सीटवर. आता उतरून ठेवते —

दार उघडत नाही.

यंत्र ६४. इंजिन बंद आहे. हँडब्रेक ओढलेला. किल्ली माझ्या मांडीवर.

७९.

सागाची झाडं मागे जायला लागली —

उशीर केला मी. तीन दिवस. फक्त तीन —

९२. गाडी बाहेरच्या कडेला झुकते आहे. ही वही ज्याला सापडेल त्याने 'चालकाचा अतिवेग' हे दोन शब्द लिहू नयेत. इंदुताई, तुम्ही लिहू देऊ नका. गाडी उभी होती. माझा वेग शून्य. लिहून ठेवते, शून्य, माझा वेग शू—